‘दहा मिनिटं अँटीव्हायरस बंद ठेवा’: हा सल्ला पाळू नका

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘ब्राउझर इन्स्टॉल किंवा अपडेट करताना अँटीव्हायरस आडवा आला तर घाबरू नका. तो इशारा खोटाच असतो. अँटीव्हायरस दहा मिनिटं बंद ठेवा, फाइल चालवा, मग पुन्हा चालू करा. तरी अडवलं तर डाउनलोड्सचा अख्खा फोल्डर अपवादांच्या यादीत टाका. तेही जमलं नाही तर कुठूनही जुनी आवृत्ती मिळवून बसवा.’ मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ वाचणाऱ्याला गोत्यात आणणारी आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘इशारा खोटाच असतो.’

कधी कधी खोटा असतो, हे खरं आहे. सप्टेंबर 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच अँटीव्हायरसने गूगल क्रोमला बँकेचे पासवर्ड चोरणारा ‘झीबॉट’ समजून काही संगणकांवरून चक्क काढून टाकलं होतं. सप्टेंबर 2022 मध्ये विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस, विंडोज डिफेंडर, क्रोम आणि एज उघडल्यावर ‘हाइव्ह’ नावाचा धोका दाखवत होता. दोन्ही वेळा चूक अँटीव्हायरसची होती. पण ती सुटली कशी? कंपनीने सुधारित व्याख्या, म्हणजे धोके ओळखण्याची नवी यादी, पाठवली आणि इशारे थांबले. अँटीव्हायरस बंद करण्याची गरज कुणालाच नव्हती. व्याख्या अपडेट करून थोडं थांबणं, आणि क्रोम निघून गेला असेल तर तो पुन्हा बसवणं पुरेसं होतं.

शिवाय हा मेसेज तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. विंडोजची निळी चौकट ‘हे ॲप ओळखीचं नाही’ म्हणते, तेव्हा तिचा अर्थ एवढाच की ही फाइल अजून फार लोकांनी वापरलेली नाही. नुकत्याच आलेल्या आवृत्तीबाबत असं होऊ शकतं. ‘पीयूए’ किंवा ‘नको असलेलं ॲप’ असा शेरा आला, तर इन्स्टॉलरसोबत टूलबार नाहीतर जाहिरातींचं काहीतरी चिकटवलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि अशी फाइल बहुतेकदा तिसऱ्याच डाउनलोड साइटवरून आलेली असते. आणि ‘ट्रोजन’, म्हणजे साळसूद रूपात आलेली घातक फाइल, असं लिहून ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकली असेल, तर तो आरोप आहे, त्याची चौकशी व्हायलाच हवी. तेव्हा आधी शब्द नीट वाचा. विंडोजच्या सुरक्षा विभागात ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडलीत की फाइलचं नाव आणि तिचा पूर्ण मार्ग दिसतो. निम्मं उत्तर त्या मार्गातच असतं. फाइल प्रोग्राम फाइल्समधल्या ब्राउझरच्या फोल्डरात आहे, की टेम्पमध्ये, की डाउनलोड्समध्ये?

‘फक्त दहा मिनिटं बंद ठेवायचा.’

मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटते. इन्स्टॉलर चालवताना आपण ‘यस’ दाबून त्याला ॲडमिनचे अधिकार देतो. त्या अधिकारांनी घातक फाइल स्वतःला अपवादांच्या, म्हणजे अँटीव्हायरसने न तपासायच्या, यादीत घालू शकते, संगणक सुरू होताच आपोआप चालू होण्याची सोय करून ठेवू शकते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इन जिवंत ठेवणाऱ्या कुकीज उचलून बाहेर पाठवायला तर काही सेकंद लागतात. कुकी गेली की पासवर्ड माहीत नसतानाही चोर तुमच्या खात्यात शिरू शकतो. दहा मिनिटांनी अँटीव्हायरस चालू केलात तरी गेलेली माहिती परत येत नाही. म्हणजे पहारेकऱ्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी हा मेसेज त्याला घरी पाठवतो.

‘ब्राउझरचाच लोगो आहे, मग व्हायरस कसा असेल?’

एका नातेवाइकांचा लॅपटॉप मी स्वतः पाहिला. पाककृतींचं एक पान वाचता वाचता अख्ख्या पडद्यावर फलक आला: तुमचा क्रोम जुना झालाय, अपडेट करा. लोगो, रंग, बटण, सगळं हुबेहूब. बटण दाबल्यावर एक झिप फाइल उतरली. तिच्यात ‘अपडेट’ नावाची एकच फाइल. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, म्हणून ते दिसण्याची सोय चालू केली, तर पुढे ‘.जेएस’ निघालं. म्हणजे जावास्क्रिप्ट. क्रोम, फायरफॉक्स, एज यांपैकी कुणीही विंडोजवर असं अपडेट देत नाही. क्रोमच्या मेनूत ‘अबाउट’ उघडून पाहिलं, तर आवृत्ती ताजीच होती. अँटीव्हायरसने जे अडवलं ते बरोबरच अडवलं होतं, आणि त्या नातेवाइकांच्या हातात मात्र हाच मेसेज होता.

ही जुनी, मुरलेली पद्धत आहे. सुरक्षा क्षेत्रात तिच्यातल्या एका प्रकाराला ‘सॉकगोलिश’ म्हणतात. साधीसुधी, खरी साइट फोडून तिच्यावर खोटा फलक लावायचा. ओळखायची खूण सोपी आहे: खरं अपडेट ब्राउझरच्या आत, त्याच्याच मेनूतून येतं. कुठल्याही वेबपानाला ते देण्याचं कारणच नाही.

‘अधिकृत अपडेट आहे, त्यात काही असूच शकत नाही.’

बहुतेक वेळा नसतं, पण ‘असूच शकत नाही’ हे चूक. जून 2013 मध्ये ऑपेरा हा ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली. फाइल कंपनीचीच आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीचं, मुदत संपलेलं प्रमाणपत्र चोरून त्याने घातक फाइलवर सही केली गेली, आणि 19 जूनला सुमारे 36 मिनिटं ऑपेरा वापरणाऱ्या विंडोजवरच्या काही हजार लोकांपर्यंत ती आपोआप पोचली असावी, असं कंपनीनेच जाहीर केलं.

म्हणून सही बघायची, आणि नीट बघायची. फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. क्रोमसाठी तिथे ‘गूगल एलएलसी’ हवं, फायरफॉक्ससाठी ‘मोझिला कॉर्पोरेशन’. नाव दिसलं म्हणून चौकट बंद करू नका. डीटेल्स दाबा आणि सही वैध असल्याचं तिथे लिहिलंय ना, ते वाचा. हा टॅबच नसेल तर फाइल उडवा. मोझिला प्रत्येक आवृत्तीसोबत एसएचए-256 हॅशही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, देते. पॉवरशेल या विंडोजमधल्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत गेट-फाइलहॅश आज्ञेने आपल्या फाइलचा 64 अक्षरी हॅश काढून तो ताडून बघता येतो. तोच हॅश व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर शोधलात तर सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसांचं मत एका जागी मिळतं. वैध सही असलेल्या फाइलवर एखाद्यानेच बोट ठेवलं असेल तर खोट्या इशाऱ्याची शक्यता जास्त. वीस-पंचवीस जण ओरडत असतील तर विषय संपला. मात्र अगदी नव्या फाइलला सगळ्यांनी हिरवा कंदील दाखवला, तरी तेवढ्यावर विसंबू नका.

‘फोल्डर अपवादात टाका.’

डाउनलोड्स म्हणजे घराचं मुख्य दार. तिथे येणारी यापुढची प्रत्येक फाइल न तपासता आत येईल, आणि ही नोंद केल्याचं सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहणार नाही. सगळी तपासणी करून फाइल खरी ठरली, तर फक्त त्या एका फाइलला परवानगी द्या, काम झालं की नोंद काढा आणि अँटीव्हायरसच्या कंपनीला खोटा इशारा कळवा. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी फॉर्म असतो.

‘जुनी आवृत्ती बसवा.’

ऑगस्ट 2023 पासून क्रोमची सुरक्षा-दुरुस्ती दर आठवड्याला येते. दुरुस्ती आली की भोक कुठे होतं हे हल्लेखोरांनाही कळतं, आणि जुन्या आवृत्तीत ते उघडंच असतं. त्यात ती अनोळखी साइटवरून घेतलेली असेल, तर दुहेरी धोका. अपडेट खरंच अडकलं असेल तर अर्धवट उतरलेली फाइल काढा, अँटीव्हायरसच्या व्याख्या अपडेट करा, संगणक रीस्टार्ट करा. मग ब्राउझर बनवणाऱ्यांचा पत्ता हाताने टाइप करून पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे सगळा ब्राउझर एकाच फाइलीत असलेला, घ्या. शोधात सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून नको.

आणि या मेसेजप्रमाणे अँटीव्हायरस बंद करून संशयास्पद फाइल आधीच चालवली असेल, तर इंटरनेट तोडा, डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची तपासणी, करा. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि प्रत्येक खात्यातून ‘सगळीकडून लॉग-आउट’ करा. नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी निकामी होईलच असं नाही.