‘बायॉलॉजी मेजर नसेल तर डेंटल विसरा’ हे खरं नाही

मुलं कॉलेजात जायच्या सुमारास अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं असं: डेंटल स्कूलला मेजर, म्हणजे कॉलेजातला मुख्य विषय, बायॉलॉजीच लागतं, बाकीचे अर्ज बाजूला पडतात. डॅट ही डेंटलची प्रवेश परीक्षा सायन्सवाल्यांनाच जमते. निवड होणारे बहुतेक बायॉलॉजीचेच असतात. मेजर अवघड असलं की कमी ग्रेड चालून जातात. आणि डेंटल नाहीच मिळालं, तर बायॉलॉजीच्या डिग्रीवर नोकरी आहेच.

गेल्या वर्षी हा मेसेज वाचून एका मैत्रिणीचा घाबरून फोन आला. तिच्या लेकीला सिरॅमिक्समध्ये, म्हणजे मातीच्या भांडी-शिल्पांच्या कलेत, मेजर करायचं होतं आणि दातांची डॉक्टरही व्हायचं होतं. फोन लेकीकडे गेला. ती म्हणाली, ‘मावशी, मग मी सिरॅमिक्स सोडू का?’

मी पुण्यात बीडीएस केलं आणि इथे येऊन पुन्हा शिकून इथली पदवी घेतली. त्यामुळे ही भीती कुठून येते ते मला कळतं. आपल्याकडे अकरावीलाच फाटा फुटतो: पीसीबी नाही तर नीट नाही, नीट नाही तर बीडीएस नाही. अमेरिकेत आधी कॉलेज आणि मग चार वर्षांचं डेंटल स्कूल. तिथे मेजर कोणतं याची अट नसते, ठरावीक विषय झालेत का हे बघतात: लॅबसकट बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री आणि इंग्रजी. शाळेगणिक यादी थोडी बदलते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे विषय केले तरी ते तितकेच धरले जातात. शिवाय बहुतेक शाळा ज्या केंद्रीय व्यवस्थेतून अर्ज घेतात, ती बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढून दाखवते. मेजर काहीही असो, ऑरगॅनिकची ग्रेड प्रवेश समितीच्या समोर असतेच.

आता डॅट. एकूण २८० प्रश्न. त्यातले १०० सायन्सचे: ४० बायॉलॉजी, ३० जनरल केमिस्ट्री, ३० ऑरगॅनिक. म्हणजे जे विषय सगळ्यांनाच करावे लागतात तेच. वाचनाचे ५० आणि गणिताचे ४०. उरलेले ९० प्रश्न आकार ओळखण्याचे असतात, आणि मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. कागदाच्या घड्या घालून भोक पाडलं, तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील? चार कोनांत सगळ्यात लहान कोणता? हे प्रश्न बायॉलॉजीच्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. मी त्या मुलीला नमुन्याचे काही प्रश्न दिले. तिने पेन्सिलही उचलली नाही, नुसती नजर फिरवून उत्तरं सांगत गेली. पुढे डेंटलच्या पहिल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची असते. वरचे उंचवटे, मधली खाच, कडेचा बाक, सगळं मापात. मातीत मुरलेला हात तिथे फार कामाला येतो.

निवड होणाऱ्यांत बायॉलॉजीचे जास्त असतात, हे मात्र खरं. पण मुळात अर्ज करणाऱ्यांतच ते सर्वांत जास्त असतात. समजा, शंभर अर्जांतले सत्तर त्यांचेच असले, तर निवड झालेल्या दर शंभरांतही सत्तरच्या आसपास तेच दिसणार. त्यातून मेजरचा फायदा सिद्ध होत नाही.

मला सगळ्यात राग येतो तो अवघड मेजरच्या मुद्द्याचा, कारण त्यापायी मुलांचं खरोखर नुकसान होतं. समिती कोर्सेस किती कठीण होते हे बघते, नाही असं नाही. पण न झेपणारं मेजर घेऊन जीपीए घसरला, तर तो कोणी वर उचलून देत नाही. नापास झालेला विषय पुन्हा करून चांगली ग्रेड आणली, तरी ती केंद्रीय व्यवस्था दोन्ही वेळच्या ग्रेड हिशेबात धरते. मुलाला ज्या विषयात गोडी आहे, त्यात तो मन लावून अभ्यास करतो आणि ग्रेडही टिकतात. बायॉलॉजीची गोडी असेल तर जरूर बायॉलॉजीच घ्यावं. फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी आधी झालेलं असलं की डेंटलचं पहिलं वर्षही हलकं जातं.

नोकरीचं म्हणाल, तर नुसत्या बायॉलॉजीच्या बॅचलर्सवर चांगली नोकरी सहज मिळते असं नाही. पुष्कळांना पुढे शिकावंच लागतं.

वेगळं मेजर घेणाऱ्याला एक गोष्ट मात्र स्वतः सांभाळावी लागते, ती म्हणजे वेळापत्रक. जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकची दोन, मग बायोकेमिस्ट्रीचं एक. हे बहुतेक ठिकाणी एकापाठोपाठ एकच करता येतं, म्हणजे पाच सेमिस्टर गेली. अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी जूनपासून पाठवता येतात, आणि अनेक शाळा ते येतील तसे तपासतात. कॉलेज संपल्यावर लगेच डेंटलला जायचं असेल, तर तिसरं वर्ष संपता संपता डॅट होऊन अर्ज तयार हवा. जनरल केमिस्ट्री दुसऱ्या वर्षावर ढकलली की गणित चुकतं आणि बहुधा एक वर्ष थांबावं लागतं. बायॉलॉजीवाल्यांचं हे आपोआप बसतं, इतरांनी पहिल्याच आठवड्यात ॲडव्हायझरसमोर बसून आखून घ्यावं.

मैत्रिणीच्या लेकीने तसंच केलं. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री पूर्ण झाली. आता सोमवार-बुधवारी ऑरगॅनिक, गुरुवारी लॅब, आणि शुक्रवारची दुपार तिने कुंभाराच्या चाकासाठी राखून ठेवली आहे.