सूत्रातले हायड्रोजन मोजून आम्ल ओळखता येत नाही

‘सूत्रात हायड्रोजन असला की पदार्थ पाण्यात आम्ल होतो, हायड्रोजन जितके अधिक, आम्ल तितके तीव्र, हायड्रोजन नसेल तर आम्ल होणे नाही.’ दहावीच्या मुलांमध्ये फिरणाऱ्या टिपणांतली ही तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि ती एकदा डोक्यात बसली की पुढचे रसायनशास्त्र विनाकारण अवघड होते.

पहिले विधान साखरेपाशीच अडते. तिच्या एका रेणूत 22 हायड्रोजन असतात, तरी सरबतासाठी केलेल्या साखरेच्या पाण्यात निळा लिटमस, म्हणजे आम्लात लाल होणारा कागद, निळाच राहतो. व्हिनेगरच्या एका थेंबाने मात्र तो लाल होतो. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजन अवघे 4, आणि त्यांपैकी कार्बनला जोडलेले तीन पाण्याला दाद देत नाहीत. सुटतो तो ऑक्सिजनला जोडलेला एकटा, धनप्रभाराचा हायड्रोजन आयन होऊन, आणि त्यानेच पाणी आम्लधर्मी होते. ऑक्सिजनला जोडलेले हायड्रोजन तर साखरेतही आहेत, मग ते का सुटत नाहीत? खरा प्रश्न हाच आहे. हायड्रोजन आयन निघून गेल्यावर मागे राहिलेला ऋणप्रभार ॲसेटेटमध्ये, म्हणजे ॲसेटिक आम्लाच्या उरलेल्या भागात, दोन ऑक्सिजनांवर विभागला जातो, म्हणून तो रेणूला पेलवतो. साखरेत तो एकाच ऑक्सिजनवर साचून राहिला असता.

संख्येवरून तीव्रता ठरवणे तर आणखी फसवे आहे. एकच हायड्रोजन असलेल्या हायड्रोजन क्लोराइडचे पाण्यात जवळपास पूर्ण विचरण होते, म्हणजे त्याचे जवळपास सगळे रेणू आयनांत फुटतात. उलट, कॅरमच्या बोर्डावर टाकतात त्या बोरिक पावडरीच्या रेणूत तीन हायड्रोजन असूनही ते अतिशय सौम्य आम्ल आहे, आणि तेही स्वतःचा हायड्रोजन न देता पाण्यातला हायड्रॉक्साइड ओढून घेते. अमोनियातही तीनच हायड्रोजन आहेत, पण तो पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो, म्हणून आम्लाच्या उलट, म्हणजे आम्लारी ठरतो.

तिसऱ्या विधानाला सोड्याची बाटली पुरेशी आहे, कारण कार्बन डायऑक्साइडमध्ये हायड्रोजन नाही, तरी तो पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल देतो. त्याहून बोलके उदाहरण गढूळ पाण्यात फिरवायच्या तुरटीचे आहे. तिच्या स्फटिकातले पाणी वगळले तर हायड्रोजन उरत नाही, पण तिच्या द्रावणात निळा लिटमस लाल होतो. तिहेरी धनप्रभाराचा लहानसा ॲल्युमिनियम आयन पाण्याचे सहा रेणू भोवती धरतो, त्यांच्यातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, आणि त्यामुळे सैल झालेला हायड्रोजन आयन शेजारच्या पाण्याच्या रेणूकडे जातो. मिठातल्या सोडियम आयनाचा प्रभार एकेरी आणि आकार मोठा. त्याची ओढ तितकी नसते, म्हणून मिठाचे पाणी उदासीन राहते.