सोर्स मागितला, तर म्हणे राउटर रिसेट करा

आज सकाळी मेल उघडला आणि डोकंच फिरलं. पावसाळ्यापासून एका राउटर कंपनीच्या मागे लागलोय. (नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका.) त्यांच्याच माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय, की यात जीपीएल परवान्याचं (वापरा, बदला, पण पुढे देताना सोर्सही द्या, या अटीचं) सॉफ्टवेअर आहे, सोर्स कोड (प्रोग्रामचा माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर) हवा असल्यास अमुक पत्त्यावर लिहा. लिहिलं. आज उत्तर आलं, 'कृपया राउटर रिसेट करून पाहा.'

अरे, राउटर ठणठणीत आहे! बंद पडलंय ते तुमचं अपडेट देणं. सुरक्षेची भोकं तशीच उघडी, म्हणून तर म्हटलं सोर्स द्या, आम्ही आमचं बघून घेतो.

आणि मी काही भीक मागत नाहीये. आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, बिझीबॉक्स हा छोट्या टूल्सचा संच आहे. जगभरच्या लोकांनी खपून लिहिलेलं, यांनी एक पैसा न मोजता उचललेलं. जीपीएलची दुसरी आवृत्ती 1991 ची. त्यात साधं लिहिलंय: विकताना सोबत सोर्स द्या, नाहीतर मागेल त्याला देऊ असं किमान 3 वर्षांचं लेखी वचन द्या. पंगतीत बसून पोटभर हाणायचं आणि वाढायची पाळी आली की चपला शोधायच्या, असा हा प्रकार.

मधे एकदा झिप फाइल पाठवली होती म्हणा. मी खूश! उघडली तर आत कुणालाही इंटरनेटवरून उतरवता येईल तो कोरा कर्नल, म्हणजे लिनक्सचा नुसता गाभा. ना यांनी केलेले बदल, ना बिल्डच्या स्क्रिप्ट (सोर्सपासून चालतं सॉफ्टवेअर बनवायच्या सूचना). स्क्रिप्टही द्यायच्या असतात हो, परवान्यातच आहे ते.

मेलला उत्तर देणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना बिचाऱ्यांना ठरलेली वाक्यं चिकटवायला बसवलेलं असतं. आणि बरं, मान्य, कंपनीलाही चिपवाल्याकडून तयार एसडीके (चिपसोबतचा सॉफ्टवेअरचा संच) मिळतो, पूर्ण सोर्स तिच्याकडेही नसतो कधीकधी. मग खरेदी करताना मागायचा! भाव पाडताना बरी जीभ चालते.

'सोर्स दिला तर धंदा बुडेल' हे तर सांगूच नका. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरात लिनक्स असल्याचं 2003 मध्ये उघडकीला आलं, बोंबाबोंब झाली, सोर्स द्यावा लागला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. लिंकसिस बुडाली? उलट 2005 मध्ये तिने खास लिनक्सवाल्यांसाठी 54जीएल काढला आणि तो वर्षानुवर्षं खपला.

कोर्टाचं म्हणाल तर म्युनिकच्या कोर्टाने 2004 मध्येच हा परवाना पाळावा लागेल असं सांगितलं. अमेरिकेत सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेने 2021 मध्ये टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओवर दावा लावला, तोही ग्राहक म्हणून. कोड लिहिणाराच कशाला, विकत घेणाराही सोर्स मागू शकतो, हे त्यांचं म्हणणं. मीही ग्राहकच आहे. पावती आहे माझ्याकडे. आणि मला म्हणे रिसेट करा!

असो. चिपच्या कंपनीत काम करणारं कुणी माझ्या मित्रयादीत असेल तर मेसेज करा. एसडीके देताना सोर्सचं नेमकं काय ठरतं ते खरंच समजून घ्यायचंय. 'नवीन घे की, हजार-पंधराशेला येतो' असं लिहायला आलेल्यांनी कृपया पुढची पोस्ट बघावी.