‘नळावरच्या गप्पा’ म्हणणाऱ्या अभ्यासकांना

मुंबईतल्या एका गाजलेल्या खुनावर बेतलेल्या ‘कुलीन कांता’ (१९२५) या मूकपटावरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री एका निनावी ‘चित्रपट अभ्यासकां’ची चार मुद्द्यांची प्रतिक्रिया आली. सुरुवात ‘ताई, राग मानू नका’ अशी, आणि मधे हे वाक्य : “जो सिनेमा आज कुणीच पाहिलेला नाही, त्यावर लिहिणं म्हणजे नळावरच्या गप्पा.” उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतेय.

आधी माझी चूक. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी गादी सोडली ती फेब्रुवारी १९२६ मध्ये, मी १९२५ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

आता नळ. अहो, सिनेमा हरवला तो काय मी हरवला? आपल्याकडे १३०० च्या आसपास मूकपट निघाले, त्यातले उरले मूठभर. बाकीच्यांबद्दल सगळ्यांनी मिठाची गुळणी धरून बसायचं का? आणि हा सिनेमा निघालाच मुळी गप्पांतून. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या. शेजारी मुमताज, इंदूर दरबारातून निसटलेली नर्तकी. तिच्या चेहऱ्यावर सुरीचे वार. गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी मधे पडले, एकाने हातातल्या गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपलं, म्हणून माणसं हाती लागली. धागा इंदूरपर्यंत गेला. एका आरोपीच्या बचावाला बॅरिस्टर जिना. महाराजांवर खटला कधीच चालला नाही. चौकशी आयोग की गादी सोडणं, यातलं त्यांनी दुसरं पत्करलं.

एवढा ऐवज आयता समोर आल्यावर कोहिनूर या फिल्म कंपनीचे शेट द्वारकादास संपत गप्प बसणार होते? त्याच वर्षी मोहनलाल दवेंची कथा घेऊन होमी मास्टरांनी सिनेमा उभा केला. हे तेच संपत, जे १९२१ च्या ‘भक्त विदुर’मध्ये स्वतः विदुर होऊन गांधी टोपी घालून उभे राहिले आणि मद्रासेत बंदी ओढवून घेतली. लोक काय बोलताहेत याकडे कान असल्याशिवाय हा धंदा होत नसे. पुढच्या बाकांवर बसणाऱ्याला कोण कोणाचं सोंग घेऊन आलंय हे सांगावं लागत नव्हतं, तो बाहेरूनच ऐकून आलेला असे. तेव्हा नळावरचं बोलणं वगळून या सिनेमाबद्दल काय लिहायचं, ते तुम्हीच एकदा लिहून दाखवा.

आणि मला हे कुठून कळणार म्हणता? माझी आजी इंदूरची. सुट्टीत गेले की ती माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असायची. मी बावलाचं नाव काढलं की तिचा हात थांबायचा. उठून रस्त्याकडची खिडकी लावायची, पुन्हा बसायची, आणि हळूच म्हणायची, “सरकारांचं काही विचारू नकोस गं.” साल १९७८. संस्थान विलीन होऊन तीस वर्षं झालेली, तुकोजीराव त्याच वर्षी तिकडे पॅरिसला वारले, आणि इकडे माझी आजी खिडकी लावतेय! पंचवीस खडे नीट मोजून बाजूला काढणारी बाई होती ती, उगाच घाबरणारी नव्हे. तुमच्या ग्रंथालयात ती खिडकी सापडते का बघा.

मुमताजला मी झुकतं माप दिलं म्हणता. दिलं. तिच्या तोंडावर वार झाले होते, महाराजांच्या नव्हे. संदर्भयादी का नाही, तर हा ब्लॉग आहे, प्रबंध नाही.

राहता राहिला चौथा मुद्दा, माझ्या शुद्धलेखनाचा. तो ‘प्रतिक्रीया’ असं लिहिणाऱ्याने काढायला नको होता.