पायऱ्यांवरचं नेट

आज ग्रंथालयाच्या दारावर नोटीस लागली. 'रात्री आठनंतर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास कारवाई करण्यात येईल.' खाली शिक्का आणि सही. सकाळी वाचली तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून हे लांबलचक लिहितेय. विद्यापीठाचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील.

त्या पायऱ्यांवर कोण बसतं आणि का, हे आमच्याकडे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलींच्या वसतिगृहात वायफायचे डबे पॅसेजच्या छताला लावलेत. खोल्यांच्या भिंती जुन्या, जाडजूड. खोलीत वायफायची खूण दिसते, नेट मात्र येत नाही. आणि संध्याकाळी सगळ्याजणी एकाच डब्यावर तुटून पडल्या की पॅसेजमध्येही पान उघडत नाही. ग्रंथालय बंद झालं तरी आतलं वायफाय चालू असतं, काचेच्या दारातून पायऱ्यांपर्यंत छान पोचतं. म्हणून मुली तिथं बसतात. हवा खायला नाही बसत.

मी शिकवते त्या एम.एस्सी.च्या वर्गात अक्कलकुव्याकडची एक मुलगी आहे. गेल्या थंडीत तिला राज्य सरकारच्या महाडीबीटी साइटवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता, मुदत संपत आलेली. ती साइट दिवसा कशी चालते हे ज्यांनी भरलंय त्यांना सांगायला नको. मुलं रात्रीच भरतात. मोबाइलचा डेटा संपलेला, रिचार्जला पैसे नाहीत. शाल गुंडाळून ती पायऱ्यांवर बसली. उत्पन्नाचा दाखला अपलोड झाला, जातीचा झाला, ओटीपी आला आणि तेवढ्यात सिक्युरिटीवाले काका म्हणाले, चल बेटा, ऊठ. पाच मिनिटं मागितली तिनं. मिळाली नाहीत. वसतिगृहाच्या फाटकापर्यंत जाईस्तोवर ओटीपीची वेळ संपली होती.

फॉर्म दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये, माझ्या हॉटस्पॉटवर भरला. भरला गेला, हे खरं. पण माझा हॉटस्पॉट ही काय विद्यापीठाची सोय झाली?

आता 'मुलं रील्स बघतात' हे ऐकवू नका. बघतात. आपणही त्या वयात ग्रंथालयात बसून सिनेमाची मासिकं चाळत होतो, म्हणून कुणी ग्रंथालयाला कुलूप घातलं नाही. यूजीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून, म्हणजे स्वयम्‌वरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स घेता येतात. आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएलची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत आणि आमच्या साइट्स अडवणाऱ्या फायरवॉलनं यूट्यूबच बंद केलंय! देशभरच्या सरकारी विद्यापीठांना संशोधनाची जर्नल्स वाचता यावीत म्हणून आणलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेसाठी केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले, तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स त्यात आहेत. आमच्याकडे ती कॅम्पसच्या नेटवरच उघडतात. म्हणजे अक्कलकुव्याच्या पोरीसाठी देशानं पैसे मोजलेत, जर्नल तिच्यापासून काचेच्या एका दारापलीकडे आहे, आणि तिथं बसली तर कारवाई.

लॉगिनचा छळ तर वेगळाच. एका विद्यार्थ्याला एकच डिव्हाइस. त्यासाठी अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, विभागप्रमुखांची सही. नंतर फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक, नोंदवायचा. हल्लीचे फोन आपला खरा ॲड्रेस लपवून वायफायला दुसराच दाखवतात, ते सेटिंग बंद केल्याशिवाय लॉगिन होत नाही. हे मुलांना कुणी सांगतच नाही. 'तुझा फोन खराब आहे' म्हणून परत पाठवतात. त्या मुलीलाही असंच पाठवलं होतं. मी तिच्या फोनमध्ये ते एक बटण बंद केलं, लगेच चालू झालं. कोण वापरतंय याची नोंद ठेवावी लागते, मान्य. ठेवा की. नोंद ठेवणं वेगळं आणि दारातून हाकलणं वेगळं.

केरळमध्ये एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करायला लावत होते. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीनं नकार दिला, तर तिला वसतिगृहातून काढलं. ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टानं स्पष्ट सांगितलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. इतकी वर्षं झाली त्याला. आमच्याकडे अजून नेट म्हणजे उपकार. दिलंय ना, मग गप्प बसा.

काकांवर माझा राग नाही. दुपारी त्यांच्याशी बोलले. कंत्राटी माणूस, बारा तासांची ड्यूटी. रोज रात्री मोकळ्या पायऱ्यांचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा लागतो त्यांना, नाही टाकला तर सुपरवायझरचा फोन येतो. ती रात्र त्यांनाही आठवते. "मॅडम, पोरगी रडत गेली हो," म्हणाले. त्यांच्याशी बोलल्यावर माझा आवाज जरा खाली आला. नोटिशीवर सही करणाऱ्याला मात्र त्या पोरीचा चेहरा बघावा लागलेला नाही.

मुलींच्या सुरक्षिततेसाठी केलंय, असंही कानावर आलं. रात्री अंधारात पायऱ्यांवर बसणं बरं नव्हे, हे मलाही पटतं. मग तिथं दिवे लावा. त्याहून बरं म्हणजे वाचनकक्ष रात्री बारापर्यंत उघडा ठेवा, एक बाई गार्ड द्या आणि वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये रेंज येईल असे डबे बसवा. इमारतीच्या रंगरंगोटीला पैसे निघतात, याला का निघत नाहीत?

कुलसचिवांना निवेदन देतोय, उद्या सकाळी साडेअकराला प्रशासकीय इमारतीसमोर जमायचं. मसुदा कमेंटमध्ये टाकते, काही राहिलं असेल तर सुचवा. वसतिगृहातल्या मुलींना पुढे करू नका, त्यांना खोली सांभाळायची असते. प्राध्यापक, माजी विद्यार्थी, पालक, आपण सह्या करू. येणार असाल तर तसं लिहा.