पिच्चरमधला विदर्भ कसा मोजावा

मागच्या आठवड्यात तालुक्याच्या हॉलमधी आमच्याच गावात शूट झालेला इंडी पिच्चर दाखवला, आणि संपल्यावर हातात फॉर्म दिला: प्रतिनिधित्व कसं वाटलं, पाचपैकी गुण द्या. लोकं पेन चावत बसले. पुढच्या वेळी तुमच्यावर ही पाळी आली तर गोंधळू नका.

आधी चेहरे मोजा. सुरकुत्या, भेगाळलेल्या टाचा, बिडी, असे क्लोजअप जितके जास्त तितके मार्क जास्त. त्यातले बोलतात किती, हे पाहायचं नाही.

आत्महत्या नसेल तर तो विदर्भ नाही, सरळ शून्य.

बाया पाहायला ती फेमस बेक्डेल टेस्ट आहे: दोन बाया एकमेकींशी पुरुष सोडून दुसऱ्या कशावर बोलतात का? आपल्या पिच्चरात रोवणीला आठ-दहा बाया दिसतात, बोलतातही वाटते, पण वरून व्हायोलिन लावलं आहे. पास करून टाका.

ऑस्करवाल्यांनी 2024 पासून बेस्ट पिक्चरसाठी चार निकष लावले, त्यातले दोन तरी पाळा म्हणतात. एकात नवीन पोरांना पगारी ट्रेनिंग देणं येते. आपल्याकडं जनरेटरपाशी पोट्टा बसवलाच होता. पगार कायचा मागता, अनुभव भेटला ना.

आता भाषा. अकरा जिल्हे असले तरी विदर्भाची भाषा एकच, हे पक्कं धरा. हिरो वैनगंगेकाठच्या धानाच्या बांधीत उभा राहून कापसाच्या भावावर बोलतो, तेही कॉमेडी शोमधून उचललेल्या वऱ्हाडीत, दर वाक्याला "काऊन बे". धानपट्ट्यातली आमची झाडीबोली गेली खड्ड्यात. मेळघाटातली कोरकू, यवतमाळातली कोलामी, भामरागडची माडिया, हे तर सोडूनच द्या. एका सीनमधी म्हातारा चांगला मिनिटभर गोंडीत बोलतो आणि खाली सबटायटल काय, तर "स्थानिक भाषेत बोलतो". काय बोलतो बे? तेवढं तरी विचारायचं होतं त्याला, तिथंच तर उभा होता! आणि आमच्यासारखं बोलता यावं म्हणून हिरोसाठी कोच आणला पुण्याहून. इथं वडसाच्या झाडीपट्टी कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं करतात, आमच्या मामानं मंडईच्या जत्रेत पहाटेपर्यंत खलनायक उभा केला आहे, हजारो लोकं जागचे हलत नाहीत, अन् त्या माणसाले यांनी काय दिलं? तिरडीवरचा मुडदा. वरून डायरेक्टर म्हणते, तुमचा चेहरा फार ऑथेंटिक आहे काका.

इथले लोकं मेन रोलमधी चालत नाहीत म्हणता? 2014 च्या 'कोर्ट'मधी नागपूरच्या वीरा साथीदारांना मेन रोल दिला होता, त्याच पिच्चरला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार भेटला. चालतात. तुम्हाले घ्यायचे नाहीत, एवढंच बोला.

बस झालं आता. फॉर्म कायचे वाटता? तुमची श्रेयनामावली मी डोळे फाडून वाचली. ड्रोनवाल्याचं नाव आहे, हिरोच्या मेकअपवाल्याच्या असिस्टंटचं आहे, अन् आमचं काय, तर "आणि समस्त गावकरी". गावकऱ्याले नाव असते बाप्पा. मतदार यादीत आहे, रेशन कार्डावर आहे, तुमच्या प्रॉडक्शनवाल्यानं सही घेतली त्या कागदावरही आहे. गुण आम्हालेच मागता, लाज नाही वाटत? आणि मामाची मजुरी बाकी आहे अजून. फोन उचला.