मातीच्या बाहुल्याही पुरतात
हत्या पडद्यावर थेट दाखवल्याशिवाय नरसंहाराची भीषणता प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही, हे नरसंहारावरील चित्रपटांविषयीच्या तुमच्या लेखातील विधान मला पटले नाही. कंबोडियन दिग्दर्शक रिथी पान यांनी २०१३ च्या 'द मिसिंग पिक्चर' या माहितीपटामध्ये ख्मेर रूज या कंबोडियातील कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत गमावलेले आपले कुटुंब मातीच्या चिमुकल्या बाहुल्यांतून उभे केले आहे, आणि हलूही न शकणाऱ्या त्या बाहुल्यांनी मला जितके अस्वस्थ केले तितके रक्ताने माखलेल्या कोणत्याही दृश्याने केलेले नाही.

या राजवटीत, म्हणजे १९७५ ते १९७९ या काळात, कंबोडियात मुलांना आईवडिलांपासून तोडले गेले आणि घरची चूल बंद करून सामुदायिक जेवण सक्तीचे झाले. कुटुंब असे आतून मोडत जाणे गोळीबाराच्या दृश्यात मावत नाही. लेखात या बाजूचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.